आठ फूट बाय आठ फूट

आजीच्या डब्यात एक गिनी आहे. तिच्या लग्नात कुणीतरी दिलेली. मध्ये कधीतरी तिला कडी लावून गळ्यात घातली, पुढे कडी काढून पुन्हा डब्यात ठेवली. एका बाजूला डोक्यावरून पदर घ्यावा तसा बुरखा घेतलेली म्हातारी राणी, दुसऱ्या बाजूला अजगरावर तलवार उगारलेला घोडेस्वार, खाली १८९४. घरात सगळे तिला ‘विलायती गिनी’ म्हणायचे. मागे वजन करायला नेली तेव्हा सराफांनी भिंग लावलं आणि घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवरचं, आकड्याच्या वरचं एक बारीकसं इंग्रजी अक्षर दाखवलं. एम. म्हणाले, “विलायतेची कुठली, ही मेलबर्नची.”

मेलबर्नची टांकसाळ १८७२ मध्ये सुरू झाली, आणि ती तिथे निघण्याचं कारण सोनं. ऑस्ट्रेलियातली व्हिक्टोरिया ही वसाहत १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि त्याच हिवाळ्यात क्लून्स, बुनिनयाँग, बॅलारॅट या भागांत सोनं सापडलं. तेव्हा वसाहतीची लोकसंख्या होती सुमारे ७७ हजार. दहा वर्षांनी ती ५ लाख ४० हजार झाली. म्हणजे दुकानदार, खलाशी, कारकून, मेंढपाळ, पळून आलेले शिपाई असे सगळे एकाच वेळी एकाच मातीत हात घालायला आले होते. या गर्दीत कोणी किती जमीन घ्यायची?

उत्तर होतं, आठ फूट बाय आठ फूट. चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकायच्या. चौसष्ट चौरस फूट. मुंबईच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा आणि तिचे दोन भाग करा, त्यातला एक साधारण तेवढा. ही झाली एका माणसाची जागा, आणि ही मालकीची जागा नव्हे. जमिनीतलं सोनं राणीचं, म्हणजे सरकारचं. खणणाऱ्याला मिळायचा तो फक्त खणण्याचा हक्क, त्याला क्लेम म्हणायचे. एका माणसाला एकच क्लेम, आणि त्यावर काम चालू असेल तोवरच तो त्याचा. काम न करता एक-दोन दिवस मोकळा ठेवला, तर दुसरा कोणीही येऊन त्यात उतरू शकतो.

आपल्याकडे खाणींवर वाद झाला की दोन ठरलेल्या बाजू पडतात. एक म्हणते, मोठ्या कंपनीला मोठं क्षेत्र दीर्घ मुदतीने द्या, तरच गुंतवणूक येईल. दुसरी म्हणते, खाणच नको. सोन्याच्या त्या रेट्याकडे पाहिलं की मला तिसरी बाजू दिसते. ती अर्थात रोमँटिक बाजू नव्हे. ‘मुक्त खणणारा, त्याचं नशीब आणि त्याचं फावडं’ या चित्राचा मला कंटाळा आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते माप. खनिजावरचा हक्क हा मोजून द्यायचा हक्क आहे आणि तो कामाशी, मुदतीशी, काढलेल्या मालाशी बांधलेला असला पाहिजे, हे चिखलात उभ्या असलेल्या माणसांना कळलं होतं. पुढे शहाण्या माणसांनी ते विसरायचं ठरवलं.

या नियमाचा गाभा बॅलारॅटच्या आधी कॅलिफोर्नियात दिसतो. २४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथल्या लाकडाच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. त्यानंतर नवव्या दिवशी मेक्सिकोने तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला देऊन टाकला. त्यामुळे जमीन अमेरिकन सरकारची झाली खरी, पण तिथे खाणकामाचा कायदाच नव्हता. लष्करी गव्हर्नर कर्नल मेसन त्या उन्हाळ्यात स्वतः फिरून आला. भाडं घ्यावं का याचा विचारही त्याने केला आणि सोडून दिला. हाताशी असलेले शिपाईच पळून सोनं धुवायला जात होते, वसुलीला पाठवणार कोणाला? तेव्हा एकेका खोऱ्यातल्या माणसांनी सभा घेतल्या. क्लेम केवढा, नोंद ठेवणारा कोण, कामाशिवाय किती दिवस चालेल, हे हात वर करून ठरवलं. माप खोऱ्याखोऱ्यात वेगळं होतं: माती श्रीमंत असेल तिथे लहान, गरीब असेल तिथे मोठं. खड्ड्यात कुदळ-फावडं ठेवलेलं असलं की समजायचं, मालक जेवायला गेलाय, येईल.

व्हिक्टोरियात माप सभेने नव्हे तर सरकारी आयुक्ताने ठरवलं, पण आतला तर्क तोच. एका माणसाच्या दोन हातांना झेपेल तेवढीच जागा.

ते दोन हात दिवसभर काय करत, हे जरा जवळून पाहायला हवं. साधारण चौघांची टोळी असायची. एक खाली खड्ड्यात, एक वर रहाटावर, एक माती वाहणारा, एक धुणारा. खड्डा विहिरीसारखाच, रहाट आणि पोहराही विहिरीसारखाच, फक्त पाण्याऐवजी चिकणमाती वर यायची. भुसभुशीत थर लागला तर कडेला लाकडाच्या फळ्या ठोकायच्या, नाहीतर कड ढासळून खालचा माणूस जिवंत गाडला जाई. वर आलेली माती लाकडी टबात पाणी घालून कालवायची, मग पाळण्यात हलवायची. ही लाकडी पेटी खरोखरच बाळाच्या पाळण्यासारखी झुलवावी लागे. शेवटचा गाळ थाळीत घेऊन गोल फिरवत धुवायचा. आपल्या सराफ बाजारांत गटारातली माती परातीत घेऊन धुणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. मनगटाची तीच लय, हलकं ते काठावरून बाहेर जातं, जड ते तळाशी राहतं.

जेवण म्हणजे मेंढीचं मटण, चहा आणि राखेत भाजलेला जाड रोडगा. ते त्याला डॅम्पर म्हणत. प्यायचं पाणी आणि माती धुवायचं पाणी एकाच ओढ्यातलं, त्यामुळे उन्हाळ्यात हगवण. माशा इतक्या, की डोळे येण्याची साथ हटायचीच नाही. संध्याकाळी लोक तंबूबाहेर बंदुकीचे बार काढत. आत भरून ठेवलेली दारू ओली होऊ नये हे एक कारण, आणि ‘या तंबूत बंदूक आहे’ हे शेजाऱ्यांना कळावं हे दुसरं. रविवारी खणणं बंद. त्या दिवशी कपडे धुणं, लाकूड फोडणं, पत्र लिहिणं. बायका कमी होत्या, पण ज्या होत्या त्या खानावळ, दुकान, धुणं आणि चोरटी दारू यांवर अनेक खणणाऱ्यांपेक्षा बऱ्या कमवत.

अशा जगात चौसष्ट फुटांचा नियम फक्त न्यायाचा नव्हता, सोयीचाही होता. शेजाऱ्याचा खड्डा हातभर अंतरावर. त्याच्या पोहऱ्यात काय येतंय हे तुम्हाला दिसतं आणि तुमच्यात काय येतंय हे त्याला दिसतं. कोणी दहा क्लेम अडवून बसला तर ते दिवसाउजेडी सगळ्यांना दिसे. आजच्या खाणपट्ट्यांचे नकाशे कार्यालयातल्या कपाटात असतात, ही त्यातली उलटी बाजू.

आता पैशाकडे. सरकारने क्लेम छोटा ठेवला पण कर मात्र आशेवर बसवला. महिन्याला तीस शिलिंगचा परवाना, सोनं सापडो वा न सापडो. म्हणजे वर्षाला अठरा पौंड, चौसष्ट चौरस फुटांसाठी. त्याच वसाहतीत हजारो एकरांवर मेंढ्या चारणारा बडा कुरणदार वर्षाला दहा पौंड भरत होता, आणि मतदार कोण हेही ठरवत होता. परवाना सतत अंगावर बाळगायचा. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने कागद कुठे ठेवायचा, हा प्रश्न पोलिसांना पडत नसे. दंडातला अर्धा वाटा पोलिसाला मिळायचा, मग शिकार वाढली तर नवल काय! परवाना नसलेल्यांना झाडाला साखळीने बांधून ठेवत. घोडेस्वार दिसले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत “जो! जो!” अशी आरोळी जायची. गव्हर्नर ला ट्रोब यांच्या नावातलं मधलं ‘जोसेफ’ असं कामी आलं होतं.

पुढचं सगळ्यांना साधारण माहीत असतं. नोव्हेंबर १८५४ च्या अखेरीस बॅलारॅटच्या बेकरी हिलवर परवाने जाळले, सदर्न क्रॉस या तारकासमूहाचा निळा झेंडा उभारला, खणणाऱ्यांचा पुढारी पीटर लॅलोरने शपथ दिली. ३ डिसेंबरला, रविवारी पहाटे, सैन्याने खणणाऱ्यांनी युरेका इथे उभारलेल्या लाकडी कुंपणावर हल्ला केला आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. वीस-बावीस खणणारे तरी मेले. लॅलोरचा डावा हात गेला. राजद्रोहाच्या खटल्यात तेरा जण उभे केले, मेलबर्नच्या ज्युरींनी एकेक करून सगळे सोडले.

ऑस्ट्रेलियात युरेकाकडे लोकशाहीचा जन्म म्हणून पाहतात, काही जण करबुडव्यांचं बंड म्हणून. दोघांनाही गोळीबारात जास्त रस. मला १८५५ च्या कंटाळवाण्या कागदात जास्त रस आहे. त्या वर्षी परवाना रद्द झाला. त्याच्या जागी वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला, तोच मतदानाचाही आधार. क्लेमच्या भांडणांसाठी खणणाऱ्यांनीच निवडलेली स्थानिक न्यायालयं आली. आणि निर्यात होणाऱ्या सोन्यावर औंसामागे अडीच शिलिंग जकात बसली. म्हणजे कर आशेवरून उचलून मालावर ठेवला. ज्याच्या पोहऱ्यात काही आलं नाही त्याने जवळजवळ काही द्यायचं नाही, ज्याला सापडलं त्याने वजनाप्रमाणे द्यायचं. हा बदल मला झेंड्यापेक्षा मोठा वाटतो, कारण जमिनीखालची संपत्ती सगळ्यांची आहे हे वाक्य भाषणात कोणीही म्हणतो, पण ते प्रत्यक्षात आणायचं तर काढलेल्या मालातला वाटा मोजून घ्यावा लागतो.

आता यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. आठ फुटांनी खरी खाण चालते का? चालत नाही, आणि बॅलारॅटनेच ते दाखवलं. तिथलं चांगलं सोनं पुरातन नद्यांच्या पात्रांत होतं आणि ती पात्रं माती-खडकांच्या जाड थरांखाली गाडलेली. शंभर फूट, त्याहूनही खोल. इतकं खाली जायला महिनोन्महिने लागत, पाणी उपसावं लागे. आणि तळ गाठल्यावर कळे, की नदी दहा फूट बाजूने गेली होती. अशा रिकाम्या खड्ड्याला ते ‘डफर’ म्हणत. शाळेत आपल्यापैकी अनेकांनी मास्तरांकडून ऐकलेला हा शब्द सहा महिने खणून तळाशी ऐकायला कसा लागत असेल! माप आठावरून बारा फुटांवर गेलं, चौघांच्या टोळ्या आठ-दहा-बारा जणांच्या झाल्या. दुकानदार वाट्याच्या बदल्यात शिधा उधार देऊ लागले. म्हणजे खोलीला उत्तर म्हणून सगळ्यात आधी कंपनी आली नव्हती, भागीदारी आली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘खोल खाण म्हणजे बडं भांडवल, दुसरा मार्गच नाही’ असं आपल्याला इतक्या खात्रीने सांगितलं जातं, की मधली पायरी कोणाला आठवतच नाही.

त्या पायरीवर लबाडीही होती. नदी नेमकी कुठून जाते हे शेजाऱ्याचा खड्डा तळाला लागल्यावर कळणार, मग आपण आधी कशाला घाम गाळा? म्हणून लोक क्लेमवर रोज थोडा वेळ नुसते जाऊन बसू लागले. नियमाला हजेरी पुरे होती. याला तिथे मेंढपाळी म्हणत, क्लेमची राखण. काम करा नाहीतर सोडा या नियमाची ही पहिली पळवाट, आणि ती कंपन्यांनी नव्हे, साध्या खणणाऱ्यांनीच काढली. त्यामुळे छोटा माणूस म्हणजे सज्जन माणूस असं मी म्हणणार नाही. नियम चांगला होता, माणसं माणसांसारखी होती.

शेवटी वाफेची इंजिनं आली, एकरांचे पट्टे आले, आणि काल क्लेमवाले असलेले आज रोजावर खाली उतरू लागले. खोली वाढली तसं माप वाढणं योग्यच होतं. चूक झाली ती अशी, की माप माणसाऐवजी भांडवलाच्या अंगाने घेतलं गेलं आणि हळूहळू ते माप आहे हेच विसरलं गेलं.

ते पूर्ण विसरलं की काय होतं, हे पाहायला पुन्हा अमेरिकेत जावं लागेल. खोऱ्याखोऱ्यांतल्या सभांचे नियम तिथल्या काँग्रेसने १८७२ मध्ये कायद्यात घातले. सरकारी जमिनीवर क्लेम ठोका, वर्षाला शंभर डॉलरचं काम दाखवा, पुढे एकरी अडीच किंवा पाच डॉलर भरून जमीनच विकत घ्या. काढलेल्या सोन्यावर केंद्र सरकारचा वाटा? शून्य. कुदळवाल्या माणसासाठी केलेला हा उदारपणा पुढे कुदळवाला नाहीसा झाला तरी तसाच राहिला. १९९४ मध्ये नेवाडातली गोल्डस्ट्राइक खाण चालवणाऱ्या बॅरिक कंपनीने याच कायद्याखाली दोन हजार एकरांच्या आसपास जमीन मागितली. खाली अब्जावधी डॉलरचं सोनं, किंमत दहा हजार डॉलरच्याही आत. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांना ते मनाविरुद्ध सही करून द्यावं लागलं. त्याच वर्षी अशा नव्या विक्रीला काँग्रेसने थांबवलं, पण कायदा आजही तोच आहे आणि रॉयल्टी आजही नाही. माप गेलं आणि फक्त हक्क उरला, की तो असा दिसतो.

आणखी एक गोष्ट त्या खुंट्यांच्या आत कधीच मावली नव्हती, ती म्हणजे खुंट्यांबाहेर वाहत जाणारं. कॅलिफोर्नियात १८५३ पासून मोठ्या नळ्यांतून पाण्याचे झोत मारून डोंगरच्या डोंगर विरघळवले. गाळ खालच्या खोऱ्यातल्या शेतांवर चढला, नद्या उथळ झाल्या, मेरिसव्हिलसारख्या गावांना पुराचे बांध वाढवत बसावं लागलं. न्यायाधीश सॉयर यांनी १८८४ मध्ये गाळ नदीत सोडायला मनाई केली तेव्हा तीस वर्षं उलटली होती. सोनं धरायला वापरलेला पारा अजून त्या नद्यांच्या तळाशी आहे.

आपल्याकडच्या कायद्यात खरं तर त्या जुन्या नियमाचा एक तुकडा जिवंत आहे. खनिज कायद्यानुसार पट्टा मिळाल्यावर दोन वर्षांत काम सुरू झालं नाही, किंवा सुरू होऊन सलग दोन वर्षं बंद पडलं, तर पट्टा संपतो. बॅलारॅटच्या एक-दोन दिवसांपुढे दोन वर्षं म्हणजे चांगलीच मोठी मुदत, पण तत्त्व तेच. मात्र मुदतीचं काय? २०१५ च्या दुरुस्तीने पट्टे पन्नास वर्षांचे केले. गोव्यात तर पोर्तुगीज काळातल्या सवलती, म्हणजे खाणकामाचे हक्क, कायमच्या होत्या. १९८७ च्या कायद्याने त्यांना पट्टे म्हटलं, आणि मग सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावं लागलं, की ते सगळे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपले होते. संपलेल्या हक्कावर किती बार्ज मांडवीतून गेल्या! २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण पुन्हा रद्द केलं, तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले म्हणजे गोव्याच्या भाषेत ‘खाण अवलंबित’ रस्त्यावर आले. त्यांची चूक नव्हती. ज्यांनी कधी मापच लावलं नाही त्यांच्या चुकीची किंमत या लोकांनी भरली. न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्क्यांचा कायम निधी गोव्यासाठी ठेवायला सांगितलं, ते मला त्या अडीच शिलिंगांचं नातलग वाटतं. खाणीचा विस्तार वाढवून मागणाऱ्याला मी आधी विचारीन, किती वर्षं, किती टन, टनामागे किती, आणि बंद पडली तर कोणाकडे जाणार. ही चार उत्तरं लेखी नसतील तर लोकांच्या रोजगाराचा मुद्दा पुढे करू नये, कारण रोजगारालाच पहिला खड्डा तिथे पडतो.

आता जी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली ती. एका माणसाला एक क्लेम, पण माणूस कोण? बॅलारॅट वाडवुरुंग लोकांची भूमी. खणणाऱ्यांना थंडीत पॉसमच्या कातड्यांची पांघरुणं त्यांनीच विकली. परवान्याचे पैसे राणीला गेले, मायनर्स राइटचेही राणीला. चार खुंट्या कोणाच्या जमिनीत ठोकल्या जातायत हा प्रश्न बेकरी हिलवर कोणी मांडला नाही. चिनी माणसांना तर नियमात घेतलं आणि नियमानेच बाहेर काढलं. १८५५ च्या कायद्याने व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसला. मग जहाजं त्यांना शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या छोट्या बंदरावर उतरवू लागली आणि तिथून ते खांद्यावर कावड घेऊन चारशे-साडेचारशे किलोमीटर पायी खाणींकडे निघाले. १८५७ मध्ये अशाच एका तांड्याला अरारातजवळ सोनं सापडलं. त्याच वर्षी ४ जुलैला बकलंड नदीवर गोऱ्या खणणाऱ्यांनी चिन्यांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना हाकलून दिलं. वर्षाला एक पौंड आणि मतदानाचा हक्क मिळाल्यानंतरची ही गोष्ट.

लॅलोर पुढे विधिमंडळात गेला आणि क्लून्समधल्या लोथेर खाणीचा एक संचालकही झाला. १८७३ मध्ये तिथले कामगार शनिवारी दुपारनंतर सुट्टी हवी म्हणून संपावर होते. कंपनीने संप मोडायला चिनी मजूर आणायचं ठरवलं. डिसेंबरमध्ये घोडागाड्या भरून, पोलिसांच्या पहाऱ्यात त्यांना आणलं तेव्हा गावाने रस्ता अडवला होता. बायकांनी दगड मारले. गाड्या आल्या तशा परत फिरल्या. गाड्यांत बसलेल्यांकडे तोवर एकही खुंटी नव्हती.